कर्करोगानंतरची वाटचाल : श्रद्धेचे बळ आणि घरच्यांची साथ

कॅन्सर हा शब्द नुसता कानावर पडला तरी घरात चूल पेटत नाही. रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे एकमेकांची नजर चुकवू लागतात. पण आज आपण रोगाच्या निदानाविषयी बोलणार नाही. त्यावर या सदरात पूर्वी लिहिले आहे. आज बोलायचे आहे ते उपचार चालू असताना आणि उपचार संपल्यावर माणूस पुन्हा उभा कसा राहतो, याविषयी. या उभे राहण्यात डॉक्टरांचा वाटा मोठा असतोच. पण देवावरची श्रद्धा आणि घरची माणसे यांचा वाटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपला पाहिजे, हे फार थोड्या घरांना वेळेवर समजते.

आमच्या तालुक्यातील एका वारकरी घराची ही हकीकत आहे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे, नावे मुद्दाम देत नाही.

या बाई २०२२ साली ४६ वर्षांच्या होत्या. घर शेतकऱ्याचे, दोघे भाऊ एकत्र, वरती ७० पार केलेले सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. घरात माळ, नेमाने हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. बाईंच्या डाव्या स्तनात गाठ आली. दुखत नव्हती म्हणून त्यांनी पाच महिने कोणाला सांगितले नाही. वाचक भगिनींनो, येथे थोडे थांबून एवढे ध्यानात घ्या, की स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. न दुखणारी गाठही लगेच दाखविली पाहिजे.

ऑगस्टमध्ये मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे दर तीन आठवड्यांनी एक अशी आठ सलाईन, म्हणजे केमोथेरपी, ठरली. ती तिथल्या डॉक्टरांच्या पत्रावरून सोलापूरला द्यायची होती. त्यानंतर रेडिएशन, आपल्याकडे ज्याला शेक किंवा लाईट म्हणतात ते.

एकादशीच्या रात्रीचा ताप

तिसरे सलाईन दिवाळीनंतर झाले. दहाव्या दिवशी कार्तिकी एकादशी आली. बाईंनी नेहमीप्रमाणे उपवास धरला, तोही कडक. संध्याकाळी अंग कसकसू लागले. पण बाई बोलल्या नाहीत. उद्या द्वादशीचे पारणे सोडू, मग बघू, असा त्यांचा विचार.

ते ओळखले त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी. याच जाऊबाईंनी पहिल्या महिन्यात बाईंचे ताट-तांब्या वेगळा काढून ठेवला होता. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. त्या दिवसापासून जाऊबाईंनी रुग्णालयातून मिळालेला सूचनांचा कागद देवघराशेजारी भिंतीला चिकटवला होता. त्यावर लिहिले होते : ताप १००.४ च्या वर गेला तर वाट पाहू नका. त्यांनी थर्मामीटर लावला. १०१.

रात्री दहा वाजता जीप काढून बाईंना सोलापूरला नेले. रक्तातील पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. सहा दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण अशा तापात काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो, हे मात्र पक्के.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडातील रक्त तयार करणारा मगज हेही तसेच असतात. म्हणून केस जातात, तोंड येते आणि सलाईननंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. शिपाई नसताना साधा जंतूही अंगभर पसरतो. अशा वेळी तापाची गोळी देऊन ताप दाबणे धोक्याचे आहे, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आत जंतू वाढतच राहतात.

"तुझ्या वाटची एकादशी मी धरतो"

घरी आल्यावर बाईंनी हाय खाल्ली. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, आता बास झालं. मला नको ते सलाईन. पांडुरंगाच्या मनात असेल ते होईल." त्यातच नात्यातले एक गृहस्थ कुठल्याशा वैदूची पूड घेऊन आले. सलाईनने माणूस आतून जळतो, ही पूड गाठ मुळापासून काढते, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. घरात दोन तट पडले. बाईंच्या यजमानांनाही वाटू लागले, की हिचे हाल बघवत नाहीत, पूड देऊन बघू.

अशा पुडीने काय होते, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा कर्करोग बरा होण्याजोगा होता, पण ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी औषधे घेतली, त्यांच्या मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाचपटीहून जास्त होता. मी हे आकडे घरच्यांना सांगितले. पण खरे सांगायचे तर, आकड्यांनी त्या घरात कोणाचे मन वळले नाही.

मन वळवले आबांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपाठ झाल्यावर ते सुनेला म्हणाले, "पोरी, पांडुरंगाच्या मनात काय आहे ते तुला ठाऊक नाही अन् मलाही नाही. त्यानं डॉक्टर दिला, दवाखाना दिला, तेही त्याचंच. तू सलाईन पुरं कर. तुझ्या वाटची एकादशी मी धरतो. तू जेव." आणि खरोखरच पुढचे सात महिने आबांनी महिन्याच्या दोन्ही एकादश्या सुनेच्या नावाने धरल्या. त्या दिवशी बाईंच्या ताटात वरण-भात वाढायचे कामही त्यांनीच केले.

श्रद्धा कशी असावी, याचा मला मिळालेला हा धडा आहे. प्रार्थनेने किंवा अंगाऱ्याने गाठ विरघळते, असे वैद्यकशास्त्राला आढळलेले नाही. परंतु नेमाने चालणारा हरिपाठ, नमाज, बुद्धवंदना किंवा चर्चमधील प्रार्थना माणसाला दिवसाचा एक आकार देते. रात्री झोप येत नाही तेव्हा आधार देते. आपण एकटे नाही, असे वाटायला लावते. असे मन असलेला रुग्ण उपचार अर्धवट सोडत नाही, आणि उपचार पूर्ण करणे हीच बरे होण्याची पहिली पायरी आहे. जी श्रद्धा रुग्णाला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला येते, ती औषधाची सोबतीण. जी दारातून परत फिरवते, ती घातकच.

उपचार चालू असताना काही धार्मिक गोष्टींना थोडी मुरड घालावी लागते. कडक उपवास करू नयेत. यात्रा-जत्रेची गर्दी टाळावी. न उकळलेल्या पाण्याचे तीर्थ किंवा कच्च्या दुधाचे पंचामृत त्या दिवसांत घेऊ नये, नुसता नमस्कार करावा. नवस बोलायचा असेल तर खुशाल बोलावा, पण तो फेडण्यासाठी तपासणीची तारीख चुकवू नये. काढा, भस्म, जडीबुटी काहीही घेत असाल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पती सलाईनच्या औषधांशी जुळत नाहीत आणि यकृताला त्रास होतो.

माळ कोणाच्या हाती?

मार्च २०२३ मध्ये शेक घेण्यासाठी बाई पुन्हा मुंबईला गेल्या. आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे. यंत्राखाली झोपण्याआधी गळ्यातले सारे काढून ठेवायचे असते. मंगळसूत्र त्यांनी काढून यजमानांकडे दिले. पण तुळशीची माळ लग्नाच्या आधीपासून गळ्यातून निघाली नव्हती. पहिल्या दिवशी बाई तिथेच रडू लागल्या. आबा सोबत होते. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "दे इकडं. आत जाऊन येईपर्यंत माझ्याजवळ राहील." पंधराही दिवस हे म्हातारे गृहस्थ बाहेरच्या बाकावर ती माळ मुठीत धरून बसत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेरून दिलेल्या शेकाने रुग्णाच्या अंगात किरणे साठून राहत नाहीत. घरी आल्यावर मुलाबाळांना जवळ घ्यायला, एका अंथरुणावर झोपायला काहीही हरकत नाही. शेक घेतलेल्या जागेची कातडी मात्र नाजूक होते. तिथे डॉक्टरांना विचारल्याखेरीज हळद, लेप, सुगंधी साबण लावू नये. सैल सुती कपडे घालावेत.

मुंबईत राहायचे कुठे, हा बाहेरगावच्या रुग्णापुढचा मोठा प्रश्न. आयुष्यभर खराटा घेऊन गावे झाडणारे आणि लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारणारे संत गाडगे महाराज आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे व तिथे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात. आमच्या या बाईही तिथेच राहिल्या. परळला नाना पालकर स्मृती समितीही रुग्णांची अशीच सोय करते. जागा मर्यादित असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारले तर इतर ठिकाणांचीही माहिती मिळते.

पैशाच्या धास्तीनेही उपचार अर्धवट राहतात. या घरातही शेत गहाण टाकण्याची बोलणी चालली होती. पण महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही आहे. उपचाराला जाताना कर्करुग्णाला व सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असेही नाही. आपल्या बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली.

घरच्यांनी काय करावे?

घरची साथ म्हणजे रुग्णाभोवती सुतकी चेहरे करून बसणे नव्हे. या घराने कामे वाटून घेतली होती. यजमान फाईल सांभाळत. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने. जाऊबाईंकडे जेवण आणि थर्मामीटर. बारावीतला मुलगा आईला रोज संध्याकाळी बांधापर्यंत फिरवून आणी. आणि जमेल तेवढे घरकाम बाईंना करू दिले जाई. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, देवाची फुले काढणे. "तू काही करू नकोस" हे वाक्य मायेचे असले तरी दहा वेळा ऐकल्यावर माणसाला आपण निकामी झालो असे वाटू लागते.

बाईंचे केस गेले होते. संक्रांतीचे हळदीकुंकू आले तेव्हा त्या म्हणाल्या, मी खोलीतच बसते, मला बघून बायका घाबरतील. पुढच्या सलाईनला दोन दिवस होते, रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, म्हणून मी बसायला परवानगी दिली होती. जाऊबाईंनी त्यांना डोक्याला रुमाल बांधून बैठकीत आणून बसवले आणि सगळ्यांच्या देखत पहिले कुंकू त्यांनाच लावले. त्यानंतर कोणी काही विचारले नाही. बाई मला पुढे म्हणाल्या, "डॉक्टर, त्या दिवशी मला वाटलं मी परत घरात आले."

भेटायला येणाऱ्यांनीही थोडे भान ठेवावे. सर्दी-खोकला असताना जाऊ नये. "आमच्या अमक्याला हेच झालं होतं, गेला बिचारा" असल्या गोष्टी तिथे बोलू नयेत. काय बोलावे कळत नसेल तर काही न बोलता पाच मिनिटे बसावे, किंवा त्या दिवशीचा डबा पोचवावा.

उपचार संपल्यावर

शेवटचा शेक झाला, पेढे वाटले, आणि त्यानंतर महिन्याभराने बाई माझ्याकडे रडत आल्या. रोगाच्या काळात न रडलेली बाई आता का रडते, हे घरच्यांना कळेना. पण असे अनेकांचे होते. उपचार चालू असतो तोवर काहीतरी लढाई चाललेली असते. तो संपला की भीतीला मोकळे रान मिळते. डोके दुखले तरी "पुन्हा तेच नसेल ना?" असे वाटते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. ही भीती बोलून दाखवावी, घरच्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. सतत उदास वाटणे, कशात मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे असे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना सांगावे. सरकारची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येते.

दुसरी गोष्ट थकव्याची. "आता बरी झालीस ना, मग झोपून काय राहतेस?" असे म्हणू नका. उपचारांचा थकवा कित्येक महिने टिकतो. त्याला नुसती विश्रांती पुरत नाही. रोज थोडे चालणे, हळूहळू वाढवीत नेणे हा त्यावरचा चांगला उपाय ठरला आहे.

तिसरी गोष्ट हाताची. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षांनंतरही. भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्याचा व्यायाम शिकवलेला असतो, तो सोडू नये. त्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत. काटा रुतणे, विळीने कापणे, तव्याचा चटका यांपासून हात जपावा. हात लाल, गरम झाला किंवा अंगठी घट्ट होऊ लागली तर लगेच दाखवावे.

चौथी गोष्ट गोळीची. स्तनाच्या काही कर्करोगांत पुढे किमान पाच वर्षे रोज हार्मोनविरोधी गोळी घ्यावी लागते. काहीच दुखत नाही म्हणून अनेक बायका ती मध्येच बंद करतात. गोळी दुखण्यासाठी नसून रोग परतू नये म्हणून आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका.

आणि शेवटची गोष्ट तपासणीची. साधारणपणे पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा महिने ते वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी डॉक्टरांना दाखवावे लागते. स्तनाच्या कर्करोगात वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी. मशागतीचे दिवस आहेत, लगीनसराई आहे, म्हणून तारीख पुढे ढकलू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

● थर्मामीटर घरात हवाच. केमोथेरपीच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणे.
● जेवण ताजे, नीट शिजवलेले, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. डाळी, अंडी, उकळलेले दूध भरपूर. उघड्यावरचे बंद.
● केस परत येतात. शेवटच्या सलाईननंतर दोन-तीन महिन्यांत दिसू लागतात.
● घरातल्या एकाने फाईल सांभाळावी, प्रत्येक वेळी तीच नेावी.
● वेगळे ताट, वेगळा तांब्या यांची गरज नाही.
● तंबाखू, मिश्री कोणाच्याही हाती दिसता कामा नये, रुग्णाच्या नाही आणि सोबत्याच्याही नाही.

बाईंचे आता बरे चालले आहे. २०२४ च्या आषाढीला त्यांनी वारीला जायचे म्हटले. सगळी वाट पायी नको, असे मी सांगितले. त्या जीपने वाखरीपर्यंत गेल्या आणि शेवटचा टप्पा आबांबरोबर पायी चालल्या. मध्ये चार वेळा बसल्या. परत आल्यावर मला प्रसाद द्यायला आल्या, तेव्हा मी सवयीने विचारले, एकादशी धरली होती का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "यंदा आबांनी परवानगी दिली. पण गोळी घेतली बरं का, पाण्यासंगं."

वाचकहो, तुमच्या घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर आज संध्याकाळी जाऊन एवढेच विचारा : पुढची तारीख कधी आहे, आणि सोबत कोण जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते उत्तर तुम्ही व्हा.